काय कमी होतं तिला?

परवा रात्री झोप येईना म्हणून टीव्ही लावला आणि नेमका 'कभी अलविदा ना कहना' सापडला. तोही अर्ध्यातून. राणी मुखर्जी रडत होती. (या सिनेमात कुठल्याही क्षणी चॅनेल लावा, राणी मुखर्जी रडतच असते. ती नसली तर प्रीती झिंटा. दोघी नसल्या तर शाहरुख.) म्हटलं पाच मिनिटं बघू आणि झोपू. शेवट बघून उठले तेव्हा दीड वाजला होता. नवरा मध्येच पाणी प्यायला उठला, स्क्रीनकडे बघून "अजून संपला नाही हा?" म्हणाला आणि परत जाऊन झोपला. हाच प्रश्न त्याने २००६ साली थिएटरातही विचारला होता, फक्त जरा जोरात.

तर २००६. सिनेमा लागला ११ ऑगस्टला, शुक्रवारी. पुढचा मंगळवार म्हणजे १५ ऑगस्ट, श्रावणातला, सुट्टीचा. त्या दिवशी आमच्या धाकटीची, म्हणजे माझ्या मामेबहिणीची, पहिली मंगळागौर होती मामाकडे ठाण्याला. (तिला घरात सगळे धाकटीच म्हणतात. इथेही तेच नाव चालवते.) सुट्टी जोडून आल्यामुळे सगळा गोतावळा शनिवारपासूनच जमला होता आणि रविवारी करायचं काय म्हणून कुणीतरी सिनेमाची टूम काढली. करण जोहरने त्याआधी दिग्दर्शित केलेला सिनेमा म्हणजे 'कभी खुशी कभी गम'. विषय काय आहे ते पेपरात वाचलं होतं थोडंफार, पण करण जोहर म्हटल्यावर शेवटी सगळे एकमेकांच्या पाया पडून घरी जाणार अशी आमची खात्री होती. आम्ही नऊ बायका आणि ओढून आणलेले दोन पुरुष अशी एक अख्खी रांग भरली. मधोमध नवी नवरी, हातात अजून हिरवा चुडा.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (थोडक्यात सांगणं हे करण जोहरला जमलं नाही, मी प्रयत्न करते. सिनेमा तीन तास तेरा मिनिटांचा आहे.) सगळं घडतं न्यूयॉर्कला. देव हा फुटबॉल खेळाडू. अपघातात पाय जायबंदी होतो, कारकीर्द संपते आणि माणूस कडवट होऊन जातो. त्याची बायको रिया फॅशन मासिकात वर वर चढतेय. मुलगा आहे, त्याला फुटबॉलपेक्षा व्हायोलिन आवडतं, हेही देवला सहन होत नाही. दुसरीकडे माया, शिक्षिका. तिचा नवरा ऋषी देखणा, हसरा, तिच्यावर जीव टाकणारा. तिने लग्न केलं ते प्रेमापेक्षा उपकाराच्या भावनेने. तर हा देव आणि ही माया आपापली लग्नं वाचवायला एकमेकांना सल्ले द्यायला लागतात आणि एकमेकांच्याच प्रेमात पडतात. घरी खोटं बोलून हॉटेलात भेटतात.

मध्यंतरात मामी समोसा हातात घेऊन पहिलं वाक्य बोलली, "काय कमी होतं तिला?"

आणि मग ते वाक्य रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. खरंच, काय कमी होतं? अभिषेक बच्चनसारखा नवरा, अमिताभसारखा सासरा, केवढं ते घर! आत्याचं म्हणणं, अशा पोरींना सुख टोचतं. माझ्या आईला शाहरुखचाच राग आला होता. बायको कमावते म्हणून तोंड वाकडं करणारे पुरुष तिने ऑफिसात आयुष्यभर पाहिले होते. "आणि त्या पोराशी कसा बोलतो बघितलंस? मेला!" इति आई. माझ्या नवऱ्याचा मुद्दा लांबीचा. मामा झोपले होते. मीही तेव्हा माझं मत दिलं होतं आणि ते मला चांगलं आठवतंय. मी म्हटलं होतं, "नसेल पटत तर सोडायचं सरळ. फसवायचं कशाला?" दोन वर्षं झाली होती माझ्या लग्नाला. सगळं कळत होतं तेव्हा. :)

धाकटी काहीच बोलली नाही. पॉपकॉर्न खात होती.

त्या वर्षी हा सिनेमा बघून भांडली नाहीत अशी घरं कमीच असतील. परदेशात तो जोरात चालला. न्यू जर्सीचा चुलतभाऊ फोनवर म्हणाला होता, "इथे तर लोक दुसऱ्यांदा जातायत." इकडे मात्र बघून बाहेर पडणारी माणसं एकतर चिडलेली नाहीतर थट्टा करणारी. समीक्षकही असेच विभागलेले. पुढच्या वर्षी फिल्मफेअरमध्ये सहायक अभिनेत्याचं पारितोषिक अभिषेक बच्चनला मिळालं आणि मला त्याचं काही नवल वाटलं नाही. प्रेक्षक ऋषीच्या बाजूने होता ना! सिनेमा ज्यांची गोष्ट सांगत होता त्यांच्या बाजूला थिएटरात जवळजवळ कुणीच बसलेलं नव्हतं.

आता यात गंमत काय आहे बघा. लग्नाबाहेरच्या प्रेमाची आपल्याला सवय नाही असं मुळीच नाही. १९६३ च्या 'गुमराह'मध्ये माला सिन्हा जुन्या प्रियकराला भेटते, पण शेवटी अशोककुमारकडेच राहते. १९८१ चा 'सिलसिला' तसाच, वळसा घालून घरी परत. १९८२ च्या 'अर्थ'मध्ये शबाना परत जात नाही आणि आपण टाळ्या वाजवतो, कारण चूक नवऱ्याची आहे हे लख्ख दिसतंय. आणि २००० साली महेश मांजरेकरांचा 'अस्तित्व' आला, मराठीत आणि हिंदीतही, तो तर आमच्या घरात सगळ्यांना आवडला होता. तब्बूने त्यात केलेली अदिती एकदाच घसरते, तीही संगीत शिकवणाऱ्या गुरूंपाशी. पण तिचा नवरा कामासाठी सतत बाहेर, तिला नोकरी करू देत नाही, आणि स्वतःही काही धुतल्या तांदळाचा नाही हे नंतर कळतं. आई म्हणाली होती, "त्यात कारण होतं ना पण."

कारण! आम्हाला कारण हवं असतं. नवरा पितो, मारतो, बाहेर जातो, निदान घरी नसतो. मग बाईचं पाऊल वाकडं पडलं तरी आपण हळहळतो, मोठ्या मनाने माफसुद्धा करतो. ऋषीने काहीच केलेलं नाही आणि म्हणून मायाला माफी नाही. नवरा चांगला आहे आणि तरी त्याच्यावर प्रेम जडत नाही, एवढीच तिची अडचण. हे काही कारण झालं?

परवा बघताना एक गोष्ट नव्याने लक्षात आली. लिहिणाऱ्यांनासुद्धा हे कारण पुरेसं वाटलेलं नाही. म्हणून मायाला मूल होऊ शकत नाही असं दाखवलंय. तिला सारखी साफसफाई करायची सवय लावलीय. देवचा पाय मोडलाय. म्हणजे बघा, या दोघांत मुळात काहीतरी मोडलंय, म्हणून ही असं वागतात, असं प्रेक्षकाच्या कानात हळूच सांगून ठेवलंय. मामीच्या प्रश्नाला करण जोहरने आधीच घाबरून उत्तर दिलेलं आहे! आणि शेवट? तीन वर्षांनंतर ऋषीचं दुसरं लग्न, रियालाही कुणीतरी मिळालेलं, मग या दोघांना स्टेशनवर एकमेकांच्या मिठीत जायला मोकळीक. म्हणजे कुणाचंच काही कायमचं बिघडलं नाही. त्या लहान मुलाच्या वाट्याला तर सिनेमा फारच थोडा आलाय. विनोदांबद्दल बोलतच नाही, ते वाया गेलेत.

तरीही या सिनेमात एक जागा अशी आहे की तिथे मी त्याला बाकी सगळं माफ करते. सासरा मरणशय्येवर आहे. त्याला सुनेचं प्रकरण कळलंय. आता हा तिला घर सांभाळ म्हणून विनवणार असं वाटतं, कारण आजवर प्रत्येक हिंदी सिनेमात सासऱ्याने तेच केलंय. आणि हा म्हातारा तिला सांगतो की माझ्या मुलाला सोड. अर्धवट प्रेम करून तू स्वतःलाही अडकवून ठेवलंयस आणि त्यालाही, अशा अर्थाचं काहीतरी. आमच्या रांगेत तेव्हा अगदी शांतता झाली होती. आत्या "हे अतीच झालं" म्हणाली, पण जरा उशिराने.

आता मावशीआजीबद्दल. ही माझ्या आईची मावशी. आज ती नाही, आणि तिच्या घरचं जे होतं ते सगळ्या नात्यात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून लिहिते. तिच्या यजमानांचं दुसरं घर होतं. बरीच वर्षं. त्या घराबद्दल तिच्यासमोर कुणी कधी बोललं नाही आणि तीही बोलली नाही. ते गेले तेव्हा तेराव्यापर्यंत सगळं तिनेच केलं. ती आमच्या रांगेत अगदी कडेला बसली होती, पायाला रग लागते म्हणून.

सोमवारी रात्री पुरणाची डाळ शिजत होती, ओट्यापाशी नारळ खवणं चाललं होतं आणि विषय अर्थात तोच. मामी अजून "काय कमी होतं"वर. कुणीतरी मावशीआजीला विचारलं, "तुला कसा वाटला गं?" मला वाटलं, आता ही त्या दोघांना शिव्या घालणार. तिला तेवढा हक्क होता. तर म्हणाली, "मला आपलं त्या प्रीतीचं वाईट वाटलं. उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं बिचारीने." मग पत्री निवडता निवडता म्हणाली, "पण निदान तोंडाने सांगितलं तरी त्यांनी."

बस, एवढंच. पुन्हा पत्री निवडायला लागली.

सिनेमात खरंच ते आहे. प्रकरण संपवायचं ठरवून दोघं घरी जातात आणि आपापल्या जोडीदाराला सगळं सांगतात. आणि दोघंही घराबाहेर काढले जातात. तेव्हा मला तो प्रसंग नुसता आरडाओरड्याचा वाटला होता, फोडाफोड, काचा, पाऊसबिऊस. मावशीआजीने त्यातून नेमकं तेवढंच उचललं होतं. तिला आयुष्यात कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं.

कायद्याचं पण थोडं सांगते, कारण मला स्वतःला हे नंतर कळलं आणि आश्चर्य वाटलं. ही गोष्ट भारतात घडली असती तर २००६ साली ऋषी देववर फौजदारी तक्रार करू शकला असता. कलम ४९७. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार, आणि त्यातही नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! म्हणजे गुन्हा नेमका कशाचा, चोरीचा? आणि रियाला मात्र कुणाविरुद्धच तक्रार करता आली नसती. हे कलम सुप्रीम कोर्टाने २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं. घटस्फोटाचा प्रकार तर आणखी मामीसारखा. कायदा विचारतो, काय झालं? छळ, व्यभिचार, सोडून जाणं, काय ते सांगा. दोघांची संमती असेल तर ठीक, नाहीतर 'प्रेम नाही' या रकान्याला जागा नाही. मार्च २००६ मध्येच सुप्रीम कोर्टाने सरकारला सुचवलं होतं की लग्न पार मोडलंच असेल तर तेवढंही कारण कायद्यात असावं. २०१३ साली राज्यसभेत विधेयक मंजूरही झालं आणि पुढे बारगळलं. आणि आपण समजतो अमेरिकेत सगळं सोपं असतं! कॅलिफोर्नियात कुणाचा दोष न दाखवता घटस्फोट १९७० पासून मिळतो, पण मायाच्या न्यूयॉर्कने ते मान्य केलं २०१० मध्ये, सगळ्या राज्यांच्या शेवटी. सिनेमा आला तेव्हा तिथल्याही कोर्टाने मायाला दोष कुणाचा तेच विचारलं असतं. किंवा रीतसर करार करून वर्षभर वेगळं राहा, मग या, असं सांगितलं असतं.

असो. विषय लांबतोय, पण हे सगळं जिच्यामुळे लिहितेय तिच्यावर अजून आलेच नाही.

मंगळागौर लग्नानंतर पाच वर्षं पूजतात. धाकटीच्या तीन झाल्या. २००९ मध्ये एके दिवशी ती बॅग घेऊन मामाकडे आली आणि परत गेली नाही. (तिला विचारून लिहितेय. "लिही, पण मला राणी मुखर्जी करू नकोस, मला एवढं रडता येत नाही," म्हणाली.) नवरा चांगला होता. हे मी उपरोधाने म्हणत नाही, खरोखरच चांगला होता. निर्व्यसनी, बोलायला गोड, मामाच्या ऑपरेशनला रात्रभर दवाखान्यात बसलेला. सासूही बरी. आणि मग घराघरातून तो प्रश्न निघाला, तिकीट काढून बघितलेल्या सिनेमातला. काय कमी होतं तिला?

ती सांगायची, काही कमी नव्हतं. हे ऐकून लोक जास्तच चिडायचे.

मी २००६ मध्ये काय म्हटलं होतं? नसेल पटत तर सोडायचं सरळ, फसवायचं कशाला. धाकटीने अगदी तेच केलं होतं. कुणी तिसरा नव्हता, हॉटेल नव्हतं, एकही खोटं नव्हतं. नवऱ्याला समोर बसवून सांगितलं आणि बाहेर पडली. आणि मी, जी एवढं शहाणपण शिकवत होते, तिला गच्चीवर घेऊन गेले आणि हळू आवाजात विचारलं, "खरं सांग, दुसरं कुणी आहे का?"

तिने माझ्याकडे कसं बघितलं ते मी इथे लिहू शकणार नाही. म्हणाली, "ताई, असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं ना?"

गेलं असतं. खोटं कशाला बोलू? दुसरा कुणी असता तर तिला आत्याच्या भाषेत नावं ठेवून मोकळे झालो असतो, आणि मायासारखीच गोष्ट आहे म्हणून समजलीही असती. कुणीच नाही आणि तरी नको, हे आमच्या कुणाच्या डोक्यात बसत नव्हतं. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलायची. अर्ज संमतीनेच झाला. नवऱ्याने काही आडकाठी केली नाही, हाही त्याचा चांगुलपणाच. तेव्हा अर्जानंतर सहा महिने थांबणं भाग होतं. (ती अट परिस्थिती बघून माफ करता येते असं सुप्रीम कोर्टाने २०१७ साली सांगितलं.) त्या सहा महिन्यांत नात्यातली किती माणसं तिला समजवायला येऊन गेली त्याची मोजदाद नाही. मावशीआजी तेवढी आली नाही. तिने धाकटीला एक नवी कोरी सुती साडी आणि पाचशे रुपये पाठवले, बरोबर चिठ्ठी वगैरे काही नाही.

यावरून माया आणि देव बरोबर होते असं मी म्हणतेय असं कुणी समजू नका. महिनोन्‌महिने घरी खोटं बोलणं वाईटच, आणि रियाची बाजू घ्यायला मी आजही पहिली उभी राहीन. देवसारख्या माणसाबरोबर एक कप चहासुद्धा घेणार नाही. पण त्यांना बोल लावताना आम्ही ज्या सरळ वाटेचा दाखला देत होतो, ती वाट आमच्याच घरातून कुणी चालायला लागलं तेव्हा आम्ही दाराशी उभे राहून वाट अडवली. हे मला कुठेतरी लिहून ठेवायचं होतं. घरचे हे वाचतात हे माहीत असूनही, किंवा वाचतात म्हणूनच.

धाकटी पुण्यात असते. नोकरी, घर, दोन मांजरं. पुन्हा लग्न केलेलं नाही. तिचा आधीचा नवरा दुसरं लग्न करून सुखात आहे, मुलगी आहे त्याला. स्टेशनवर कुणी कुणाच्या मागे धावलेलं नाही.

परवा रात्री दीड वाजता मी तिला मेसेज केला, 'कभी अलविदा बघत होते'. ती जागीच होती. उत्तर आलं, 'संपला??'

दुसऱ्या दिवशी मामीचा फोन आला तेव्हा तिलाही सांगितलं. मामी आता ऐंशीला टेकलीय, पण तिला सगळं आठवतं. "वाईट सिनेमा," म्हणाली लगेच. मी वाट बघत थांबले, आता ते वाक्य येणार म्हणून.

"फार लांबवलाय," मामी म्हणाली.